बॉम जीझसचे चर्च : काय पाहावे व कसे पाहावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाची सहल यंदा गोव्यास जावयाची ठरल्यापासून आपल्यात दोनच विषय चालू आहेत : काजू कोठे चांगले मिळतात आणि गाडीत खिडकीजवळ कोणी बसावयाचे. चिटणीसबाईंनी मला सांगितले, "वर्धापनदिनाला तुम्ही गोव्यावर बोला." संपूर्ण गोव्यावर बोलणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून मी एकच इमारत निवडली आहे. सहलीचा कार्यक्रम मी वाचला. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांना ऐसपैस वेळ दिला आहे, ते योग्यच आहे. जुन्या गोव्यातील बॉम जीझसच्या चर्चसमोर मात्र 'पाऊण तास' असे लिहून पुढे कंसात 'शव पाहणे' असे लिहिले आहे. तो कंस खोडावा एवढ्याचसाठी मी आज उभी आहे.

प्रथम हेच सांगते की, शव पाहावयास मिळणार नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांचे शवप्रदर्शन दहा वर्षांनी एकदा होते. अलीकडचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले, तेव्हा चांदीची पेटी खाली उतरवून जवळच्या से कॅथेड्रलमध्ये नेली होती. एरवी ती उंच चौथऱ्यावर असते. शव पाहण्याच्या उत्सुकतेने जाणाऱ्या बायका मान उंच करकरून थकतात आणि "काही दिसत नाही" म्हणत बाहेर पडतात. वास्तविक तेथे दिसण्यासारखे इतके आहे की, दोन तासही अपुरे पडावेत.

आता एक अवघड प्रश्न आधीच निकालात काढते, कारण आपल्यापैकी काहींच्या मनात तो आहे, हे मला ठाऊक आहे. आमची देवळे पाडणाऱ्यांच्या चर्चचे कौतुक आम्ही कशाला करावे? सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी या भागांतील देवळे पाडली गेली, हे खरे आहे. आपण ज्या मंगेशाच्या व शांतादुर्गेच्या दर्शनास जाणार, ते देव रातोरात नदीपार अंत्रुज महालात नेले गेले, म्हणून आज फोंड्याकडे आहेत. १५६० साली स्थापन झालेले धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. यातले काहीही मी झाकून ठेवणार नाही. पण चर्चचा हुकूम एकाचा आणि हात दुसऱ्याचा असतो. चिरा खाणीतून काढणारे, लाकूड कोरणारे, चांदी ठोकणारे हात बव्हंशी याच मातीतले होते. १५६७ च्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती व उपकरणे करवून घेण्यास मनाई केली, आणि असल्या मनाया पुढेही पुन्हा पुन्हा कराव्या लागल्या. मनाई पुन्हा करावी लागते याचा अर्थ काय, हे मुलांना वाढवलेल्या बायकांना मी सांगावयास नको. कारागिरावाचून त्यांचे चालत नव्हते! तेव्हा आपल्याच माणसांचे काम पाहावयास जाताना मन आखडून घेण्याचे कारण नाही.

या चर्चचा पाया २४ नोव्हेंबर १५९४ रोजी घातला गेला आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेश दी मेनेझिस यांनी ते पवित्र केले. फ्रान्सिस झेवियर यांचा मृत्यू ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर झाला. म्हणजे ज्यांच्या नावाने हे चर्च ओळखले जाते, त्यांनी ते कधी पाहिलेच नाही. चर्चही त्यांच्या नावाचे नाही. 'बॉम जीझस' म्हणजे भला येशू, बाळ येशू. हे जेझुइट पंथाचे चर्च. कोचीनचा कप्तान जेरोनिमो मस्कारेन्हस हा १५९३ साली वारला, त्याने ठेवलेल्या पैशातून ते बांधले गेले. त्याचे स्मारक आत उत्तरेकडील भिंतीवर आहे. झेवियर यांचा देह १५५४ साली गोव्यास आला, पण या चर्चमध्ये तो १६२४ साली, त्यांना संतपद मिळाल्यावर दोन वर्षांनी, आणला गेला.

आता आपण दारापुढे उभ्या राहू या. पहिली गोष्ट, मागे सरा. आपली सवय अशी की, गाडीतून उतरले की तडक आत शिरावयाचे. देवळात ते ठीक आहे, कारण तेथे सारा ओढा गाभाऱ्याकडे असतो. येथे दर्शनी भिंत हेच अर्धे काम आहे. सुमारे ७५ फूट रुंद व ७८ फूट उंच अशी ही भिंत आहे. खाली तीन दरवाजे, त्यांवर तीन मोठ्या चौकोनी खिडक्या, त्यांवर तीन गोल खिडक्या, आणि सर्वांच्या वर एक चौकट. तिच्यात तीन अक्षरे कोरलेली दिसतील : आय, एच, एस. येशूच्या ग्रीक नावातली ही पहिली तीन अक्षरे आणि जेझुइट पंथाची मुद्रा. जसजशी नजर वर चढते, तसतसे आकार लहान व गोल होत जातात, म्हणून एवढी मोठी भिंत जड वाटत नाही. इतर चर्चना पुढे मनोरे असतात. येथे घंटेचा मनोरा मागे ठेवला आहे, त्यामुळे समोरची भिंत एखाद्या उघडलेल्या पोथीच्या पानासारखी सपाट, स्वच्छ राहिली आहे.

या भिंतीत दोन दगड आहेत. तांबडा आहे तो जांभा, कोकणात आपण ज्याला चिरा म्हणतो तो. काळसर आहे तो आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. जांभा सच्छिद्र असतो. त्यात सरळ रेष निघते, पण नाजूक पाकळी काढू गेले तर भुगा होतो. म्हणून खांबांचे माथे, चौकटी, वेलबुट्टी ही सारी कोरीव कामे काळ्या दगडात केली आहेत, आणि हा दगड वसईकडून आणला असे सांगतात. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. आपल्या ठाणे-वसईकडच्या भगिनींनी त्या खांबांना जरा हात लावून पाहावा. माहेरचा दगड भेटेल.

या लाल भिंतीविषयी मला आज सर्वांत अधिक बोलावयाचे आहे. आपण चित्रांत, टपालाच्या कार्डांवर, दिनदर्शिकांवर हे चर्च पाहतो ते लालभडक. पुष्कळांना वाटते, ते चारशे वर्षे असेच आहे. तसे नाही. पुरातत्त्व खात्याच्या वर्णनातच नोंद आहे की, दर्शनी भिंत सोडली तर बाहेरच्या सर्व अंगावर चुन्याचा गिलावा होता व तो पुढे काढण्यात आला. काढला कोणी? १९५२ साली झेवियर यांच्या मृत्यूस ४०० वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने, १९५० नंतरच्या एकदोन वर्षांत, पोर्तुगालहून बाल्ताझार कास्त्रो नावाचे वास्तुतज्ज्ञ गोव्यास आले आणि त्यांच्या देखरेखीखाली हा गिलावा खरवडला गेला. इमारत अधिक प्राचीन दिसावी, असा त्यामागचा विचार होता. पोर्तुगालमध्येही त्या काळी जुन्या वास्तूंचे नंतरचे थर उतरवून त्यांना 'मूळचे' रूप देण्याची टूम होती. येथे गंमत अशी झाली की, जे मूळचे होते तेच उतरले आणि जे कधीच उघडे नव्हते ते उघडे पडले.

चिऱ्याच्या घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना याचा अर्थ कळेल. माझे माहेर राजापूरच्या बाजूचे. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वारा लागला की कठीण होत जातो. पण कितीही कठीण झाला, तरी तो पाणी पितो. म्हणून कोकणातला गवंडी एक तर त्याला चुन्याचा गिलावा करी, नाही तर छपराची वळचण इतकी पुढे काढी की, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्याआधी झावळ्यांचे तट्टे बांधीत. एक वर्षी ते बांधावयाचे राहिले. श्रावणापर्यंत त्या खोलीतील कपाटातल्या साड्यांना बुरशी आली आणि भिंतीला आतून हात लावला, तर तांबडा भुगा बोटांना लागे. एक पावसाळा आणि एक भिंत, त्याची ही कथा. गोव्यात वर्षाकाठी सुमारे १२० इंच पाऊस पडतो, आणि बॉम जीझसच्या भिंती उघड्या अंगाने सत्तराहून अधिक पावसाळे झेलीत आहेत.

चुना हे काही केवळ गोरे दिसण्यासाठी लावलेले पीठ नव्हे. गोव्यात शिंपले भाजून चुना करीत, तो भिजवून ठेवीत आणि वाळूबरोबर घाणीत मळून भिंतीला लावीत. असा चुना पावसाचे पाणी अडवतो, आणि आत शिरलेला ओलावा हळूहळू बाहेरही सोडतो. सुती वस्त्रासारखा. वर्षे गेली की तो झिजतो, पोपडे येतात. मग नवा थर द्यावयाचा. झिजावयाचे ते गिलाव्याने, दगडाने नव्हे, अशी ही योजना आहे. सिमेंट लावले तर ते घट्ट बसते, पण आतला ओलावा कोंडून धरते आणि मग दगड आतून कुजतो. म्हणून सिमेंटचा गिलावा हा उपाय नव्हे.

गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर गोव्यात बरेच दिवस वाद आहे. २०२० साली पाऊस तोंडावर आला असताना छपराच्या दुरुस्तीवरून खुद्द चर्चच्या धर्मगुरूंनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली, तेव्हा तो वाद पुन्हा वर आला. एका पक्षाचे म्हणणे, चर्चला वाचवावयाचे तर अंगावर चुना हवाच. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, आता दोन-तीन पिढ्यांनी हे चर्च लालच पाहिले आहे. भाविकांच्या मनात तेच रूप ठसले आहे. उद्या ते पांढरे झाले तर आपले चर्च हरवले असे लोकांना वाटेल. हे दुसरे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. मूर्तीचे शेंदराचे कवच गळून आतली मूर्ती दिसली की भाविक कसे गडबडतात, हे आपण पाहिले आहे. रूपाची सवय हीसुद्धा भक्तीचा भाग असते. शिवाय ही इमारत १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिच्यात बदल करताना दहादा विचार व्हावा, हे रास्तच. पण माझे मत विचाराल तर मी चुन्याच्या बाजूची. टपालाच्या कार्डावरचे चित्र बदलता येते. भुगा होऊन गळलेला चिरा परत चढवता येत नाही. तुम्ही चर्चला वळसा घालून बाजूच्या भिंतींकडे जा, चिऱ्यांच्या कडा कशा गोल झाल्या आहेत, काळी बुरशी कोठवर चढली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मग आपले मत करा. उत्तरेकडे भिंतीला टेकू देणारे मोठाले धिरे दिसतील, ते नंतरचे आहेत.

आता आत चला. लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट, उंची ६१ फूट. मध्ये खांबांची रांग नाही. हे मुद्दाम केलेले आहे. जेझुइट लोकांचा भर प्रवचनावर, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या माणसालाही वक्ता दिसावा आणि त्याचा शब्द ऐकू यावा, अशी ही रचना. रोममधील त्यांच्या मुख्य चर्चचा घाट असाच एका मोठ्या दालनाचा आहे. आपल्याकडे कीर्तनाला सभामंडप लागतो. येथे सभामंडप हेच देऊळ आहे, असे समजा. म्हणूनच प्रवचनाचा मंच पुढे वेदीजवळ नसून दालनाच्या मधोमध, दक्षिणेकडील भिंतीला आहे. लाकडात कोरलेला हा मंच मला सबंध चर्चमधील सर्वांत जिवंत वस्तू वाटतो. कठड्यावर येशू, शुभवर्तमानांचे चार लेखक व चार धर्माचार्य आहेत. वर लाकडी छत्र. पण तुम्ही खाली वाका. मंचाच्या बुडाशी सात आकृती आहेत, आणि साऱ्या मंचाचा भार जणू त्याच तोलून धरीत आहेत. देवळाच्या खांबांवर भार पेलणारे यक्ष आपण पाहिलेले आहेत. ते येथे येऊन वेष पालटून बसलेत की काय, असे मला पहिल्यांदा वाटले.

समोर मुख्य वेदी. वेदीमागची सबंध भिंत कोरीव लाकडाची व तीवर सोन्याचा मुलामा. प्रथम डोळे दिपतात आणि काहीच उमगत नाही. म्हणून खालून वर वाचावयाचे. खाली बाळ येशूची लहानशी मूर्ती. तीवर पंथाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती; त्यांची दृष्टी वर लागलेली. कोठे? तर वरच्या वर्तुळातील त्याच तीन अक्षरांकडे, जी आपण बाहेर पाहिली. आणि त्याहून वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा. म्हणजे मूर्तीच्या नजरेचाच धागा धरून आपली नजर वर जाते. हे ज्याने योजले, त्याला माणसाच्या डोळ्यांची चांगली पारख होती. एरवी मला इतके सोने एके ठिकाणी सोसत नाही, हेही सांगून टाकते. पण दुपारच्या उन्हाची तिरीप आली की तेथली पाने-फुले खरोखरच हलल्यासारखी दिसतात.

उजव्या हाताला संत झेवियर यांचे दालन. येथे सर्वांची झुंबड असते. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट पाहा. समाधीचे दोन भाग आहेत, ते वेगळ्या काळी, वेगळ्या देशांत झाले. वरची चांदीची पेटी गोव्याची. मार्चेल्लो मास्त्रिल्ली नावाच्या इटालियन जेझुइटाने तिची कल्पना मांडली आणि गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ साली ती घडवली. मास्त्रिल्ली पुढे जपानात गेला आणि तेथे १६३७ सालीच मारला गेला. पेटीच्या चारही अंगांवर मिळून ३२ चौकटी आहेत, त्यांत संताच्या चरित्रातील प्रसंग उठावाच्या कामाने दाखवले आहेत. उठावाचे काम म्हणजे काय, ते आपल्या देवघरात आहे. देवाच्या टाकावर खंडोबा वा भवानी जशी पत्र्यातून पुढे उठलेली असते, तेच. पातळ पत्रा पाठीमागून ठोकून आकृती पुढे आणावयाची आणि मग समोरून बारीक हत्याराने नाक-डोळे काढावयाचे. टाकाएवढ्या पत्र्यावर एक देव काढणारा हात, त्याने येथे गर्दीचे प्रसंग उभे केले आहेत.

खालचा चौथरा फ्लॉरेन्सचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो भेट दिला. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने तो केला, आणि त्याला सुमारे दहा वर्षे लागली. निरनिराळ्या रंगांचे संगमरवर, जास्पर नावाचा मौल्यवान दगड, आणि चार बाजूंना पितळी रंगाच्या ब्राँझचे चार उठावाचे फलक : संतांचे प्रवचन, लोकांना दिलेला बाप्तिस्मा, मोरोताई बेटावरील लोकांनी केलेला पाठलाग, आणि चीनजवळच्या बेटावरचा मृत्यू. सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने निघाले. ते बसवण्यासाठी प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर बरोबर आला, आणि १६९८ साली हा चौथरा गोव्यात उभा राहिला. एवढ्या देणगीच्या बदल्यात ड्यूकला काय मिळाले? संताच्या डोक्याखालची उशी, असे सांगतात.

तेथला मार्गदर्शक तुम्हाला फोज्जिनीचे नाव दोनदा सांगेल. चांदीची पेटी करणाऱ्या सोनारांचे नाव तो सांगणार नाही. तुम्ही विचारून पाहा.

ज्या वर्षांत हे चर्च उभे राहत होते, त्याच वर्षांत त्याच पंथाचा एक इंग्रज पाद्री गोव्यात मराठी शिकत होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला आणि त्याने ओवी छंदात 'क्रिस्तपुराण' रचले; ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. बॉम जीझसच्या भिंतींवर लॅटिन आहे. गायनमंचाला आधार देणाऱ्या खांबांवर पायाभरणीची व पवित्रीकरणाची हकिगत लॅटिनमध्ये कोरली आहे. पण साष्टीतल्या लोकांशी बोलावयाचे तर ओवीच हवी, हे त्याने ओळखले होते.

देवाणघेवाण उलटीही झाली. दुसऱ्या दिवशी कवळ्यास शांतादुर्गेला जाल, तेव्हा डोळे उघडे ठेवा. आजचे देऊळ शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. तेथे घुमट आहे, अर्धगोल कमानींच्या खिडक्या आहेत, भिंतीतून किंचित पुढे आलेले अर्धे खांब आहेत, आत हंड्या-झुंबरे आहेत. घाटावरच्या देवळात हे तुम्हाला आढळणार नाही. ज्या गवंड्यांनी चर्च बांधली, त्यांच्याच हाताचे वळण देवळात उतरले. म्हणून चर्च आधी आणि देवळे मागून, असा क्रम ठेवावा, ही माझी चिटणीसबाईंना विनंती.

एवढे मोठे शहर गेले कोठे, असे कोणीतरी विचारीलच. हिवताप, पटकी यांच्या साथींनी ते ओस पडत गेले. व्हाइसरॉयने १७५९ साली राहणे पणजीकडे हलवले, त्याच वर्षी जेझुइटांची हकालपट्टी झाली. १८३४-३५ मध्ये बाकीचे पंथही बंद झाले आणि मठ रिकामे पडले. घरांचे चिरे लोकांनी उचलून नेले. बॉम जीझस टिकले ते झेवियर यांच्या ओढीने. 'गोंयच्या सायबा'कडे येणाऱ्यांची रीघ कधी थांबली नाही, आणि येणाऱ्यांत हिंदूही तितकेच.

ज्यांचा असा पाठीराखा नव्हता, त्यांचे काय झाले हे पाहावयाचे तर जवळच्या टेकडीवर जा. संत ऑगस्टिनच्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले. १९३१ साली मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला अर्धा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच, चिऱ्याचा, उघडा उभा आहे. याच मठात जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी ठेवल्या होत्या. इराणच्या शहाने तिला धर्म सोडण्यास सांगितले; तिने नकार दिला आणि १६२४ साली शिराझ येथे हाल करून तिला मारण्यात आले. ऑगस्टिनपंथी पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यास आणला. पुढे छत पडले, मठ गाडला गेला. अलीकडे उत्खननात हाडे सापडली, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासणीचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला, आणि २०२१ साली भारत सरकारने त्या अस्थी जॉर्जियाला दिल्या. चारशे वर्षांनी बाई घरी पोचली.

त्या मनोऱ्यात आता घंटा नाही. घंटा फिरत राहतात. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरास आपण त्या वाजवल्या आहेत. ऑगस्टिनची घंटा मनोऱ्यातून उतरवून १८४१ पासून आग्वादच्या दीपगृहात होती, आणि १८७१ साली ती पणजीच्या चर्चला मिळाली, ज्याच्या पांढऱ्या पायऱ्या तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. आपला मुक्काम पणजीतच आहे. मोठी घंटा आहे, तिचा आवाज कानावर पडला तर ओळखा.